भटूची घागर

यंदाही भटूची घागर आली नाही, तेव्हा त्याला आनंदानं रडू फुटलं.

वाळूच्या नदीकाठी सकाळपासून घागरी उतरत होत्या. नव्या मातीच्या, गळ्याला दोरा, तोंडावर लोटा, वर सांजोरी आणि आंबा. अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खानदेशात घरोघर आपल्या वारलेल्या माणसांच्या नावानं भरतात, त्याच या. गेलेल्यांच्या त्या मुलखात पाणी म्हणजे एवढंच. ज्याची घागर येते त्याला ती वर्षभर पुरते. ज्याची येत नाही त्यानं केळीची खोडं चघळून जीव जगवावा.

भटू शिंदखेड्याकडचा. फैजपूरला केळी कापायला गेला होता. घडाखाली वाकला, खांद्यावर घड घेऊन उठला, तर बाग ती नव्हेच. पानं तांब्याची, आकाश हळदीचं, आणि नदीतून पाण्याऐवजी वाळू खळखळत वाहतेय. आधी त्यानं हाका मारून मारून घसा बसवून घेतला. मग तिथं आधीपासून असलेले अभिमन नाना भेटले. कुठलं खोड चघळायचं आणि कुठलं जिवावर उठतं, हे त्यांनीच शिकवलं.

सावलीही त्यांनीच दाखवली. तिथं कुणालाच सावली नव्हती. भटूला होती.

"तू जित्ता शे," नाना म्हणाले होते. "घरनां तुले जित्ता समजतस, तवलग तुनी वाट उघडी शे. घागर उनी का सरनं."

 तेव्हापासून दर अखाजीला भटू उजाडल्यापासून आपल्या जागेवर काठाशी बसायचा, आणि दिवस मावळेपर्यंत तिथून हलायचा नाही. बाकीचे घागर यावी म्हणून डोळे लावून बसत, हा येऊ नये म्हणून. ओठ फुटले होते, जीभ कोरड्या चामड्यासारखी झाली होती, पण घागर नको.

त्याची भिस्त मायवर होती. बाप त्याच्या लहानपणीच घर सोडून गेला, मायनं कापूस वेचून त्याला वाढवलं. बाई हट्टी. गावानं कितीही समजावलं तरी ती ऐकायची नाही. घागर पोरानं मायची भरायची असते, मायनं पोराची नाही, असं म्हणून तिनं सगळ्यांना दारातूनच परतवून लावलं असेल. हे चित्र डोळ्यांपुढे आणलं की भटूची तहान थोडी कमी व्हायची.

पलीकडच्या काठावर एक म्हातारी बसलेली दिसायची. डोक्यावर पदर, पाठ कायम इकडे. तिचीही घागर कधी यायची नाही. तिच्याही घरी कुणीतरी आपल्या मायसारखंच हट्टी आहे, असं भटू मानत आला होता. तिच्याकडे जायचं मात्र जमलं नव्हतं. नदी थांबायची ती फक्त अखाजीच्या दिवशी, आणि त्या दिवशी तो जागा सोडत नसे.

आज शेवटची घागर उतरली आणि त्याला राहवेना. आनंद सांगायला कुणीतरी हवंच असतं. खोडाचा गोड गाभा सोलून घेऊन तो थांबलेल्या वाळूवरून पलीकडे गेला.

"अक्का," तो मागूनच म्हणाला, "तुमनी बी घागर उनी नही ना? बेस झायं. घर कोनी तरी वाट दखी राह्यनं."

म्हातारीनं मागे न पाहता हात पुढे केला. बोटांवर कापसाच्या बोंडांचे जुने ओरखडे होते. मावळतीचा पिवळा उजेड दोघांच्या पाठीवर पडला होता, आणि पुढच्या वाळूवर सावली एकच होती.

"मनी वाट कोन दखी, भाऊ?" ती म्हणाली. "मना एकच पोऱ्या, भटू. तो घर उना का भरी मनी घागर."