आठ दिवसांनी दाखवायला या

मृत्यूनंतर माणसाचं काहीही उरत नाही, हे कवळीवाला चाळीस वर्षं ठासून सांगत आला होता. आणि चाळीस वर्षं तो जी वस्तू बनवत होता, ती मात्र माणसामागे हमखास उरायची. गिऱ्हाईक गेलं की महिन्याभरात घरचं कुणीतरी रुमालात गुंडाळलेली कवळी घेऊन दुकानात यायचं. फेकवत नाही आणि दुसऱ्या कुणाला बसत नाही, म्हणायचं. कवळीवाला ती मुकाट्याने खालच्या ड्रॉवरमध्ये टाकायचा. तो ड्रॉवर हल्ली नीट लागत नव्हता.

सोमवार हा त्याच्या सुट्टीचा वार. त्या सोमवारी तो एक नवी कोरी कवळी डबीत घालून हॉस्पिटलात गेला. कवळी त्याच्या मित्राची होती. मित्राने जन्मभर सरकारी कचेरीत नकाशे काढले होते, आणि परलोक न मानण्यात तो कवळीवाल्याच्याही एक पाऊल पुढे होता. न पाहिलेली जागा नकाशात दाखवायची नसते, एवढंच त्याचं म्हणणं. महिन्यापूर्वी माप द्यायला तो दुकानात चालत आला होता. आता डॉक्टरांनी चार-पाच दिवस सांगितले होते.

खोलीबाहेरच्या बाकावर मित्राची थोरली बहीण बसली होती. मित्राची ताई म्हणून कवळीवाल्याचीही ताईच. तिने त्याला हाताला धरून शेजारी बसवलं. धाकटा दिवसभर छताकडे बघत पडून असतो, बोलत नाही, जेवत नाही, तो घाबरलाय, असं तिने हळू आवाजात सांगितलं. मग मुद्द्यावर आली.

"तुझं तो ऐकतो. पुढे काहीतरी आहे म्हणून सांग त्याला. तुझं काय जातंय?"

"ताई, खोटं कसं सांगू?"

"आणि गिऱ्हाइकांना दोनच दिवस टोचेल म्हणून सांगतोस, ते काय असतं?"

कवळीवाल्याने खिशातली डबी चाचपली. तो आत गेला.

नकाशेवाला खरोखरच छताकडे बघत होता. कवळीवाल्याने खुर्ची ओढली, घसा खाकरला, आणि हवापाण्याबद्दल बोलावं तशा सुरात म्हणाला, की तसं पाहिलं तर आपल्याला तरी काय सगळं कळलंय, कदाचित पुढे काहीतरी असेलही.

नकाशेवाल्याने मान वळवली. "ताईने पाठवलं का?"

"हो."

"मग बस. तिला सांग, बोललो म्हणून."

कवळीवाल्याने खुर्ची पलंगाजवळ सरकवली. मग नकाशेवालाच म्हणाला, की काही नसेल याची त्याला भीती नाही. भीती वाटायला तिथे तो नसणारच, हिशोब सरळ आहे. फक्त चुकल्याचुकल्यासारखं वाटतं.

"कशाने?"

"नवीन गावी मी कधी तुझ्याशिवाय गेलो नाही. वाटेत भांडायला कुणीतरी लागतं."

कवळीवाल्याने खिशातून डबी काढली. असल्या वेळी काय बोलावं ते त्याला सुचत नसे. कवळी कशी बसवावी ते सुचायचं.

"हे कशाला पुरं केलंस?" नकाशेवाल्याने विचारलं. "आता मी कुणाला चावणार आहे?"

"माप घेतलं होतं," कवळीवाला म्हणाला. "आ कर."

त्याने वरची बसवली, खालची बसवली. मधे निळा कागद धरून चावायला लावलं. जिथे निळा डाग जास्त गडद उमटला, तिथे खिशातल्या बारीक कानशीने दोनदा घासलं. पुन्हा बसवली, पुन्हा घासलं. तिसऱ्या खेपेला नकाशेवाल्याच्या बसलेल्या गालांनी आकार घेतला आणि तो एकदम महिन्यापूर्वीच्या स्वतःसारखा दिसू लागला. कवळीवाला उगाचच डबी पुसत बसला.

राहता राहिली शिट्टी. नवी कवळी 'स'ला शिट्टी मारते, म्हणून प्रत्येक गिऱ्हाइकाला तो साठपासून आकडे म्हणायला लावायचा. नकाशेवाल्याने म्हटले. साठ, एकसष्ट, बासष्ट. सदुसष्टला किंचित शिट्टी झाली, सत्तरला सुधारली. त्र्याहत्तरला तो थांबला. त्र्याहत्तर हे त्याचं वय होतं.

"पुढे?"

"पुढचं पाहिलेलं नाही," नकाशेवाला म्हणाला.

कवळीवाला हसला, कानस पुसून खिशात ठेवली, उठला, आणि चाळीस वर्षांची जीभ आपोआप चालली. "दोन दिवस थोडं टोचेल. आठ दिवसांनी दाखवायला या."

बोलून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं. खाली बघत तो तसाच उभा राहिला. पलंगावरून आवाज आला तेव्हा त्याला आधी वाटलं, मित्राला ठसका लागलाय. नकाशेवाला हसत होता. नव्या दातांनी, पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

आवाज ऐकून ताई धावत आत आली. धाकट्याला हसताना बघून ती दारातच थबकली.

"काय सांगितलंस रे त्याला?"

"आठ दिवसांनी बोलावलंय मला," नकाशेवाल्यानेच उत्तर दिलं. "येतो म्हटलं."

ताईने कवळीवाल्याकडे असं पाहिलं, जणू त्याने उभ्या जन्मात पहिल्यांदाच काहीतरी शहाणपणाचं केलं असावं. तिचा गैरसमज दूर करावा असं त्याला वाटलं नाही.

तो दाराशी पोचला तेव्हा नकाशेवाल्याने हाक मारली. "आठ दिवसांनी सोमवारच येतो. तुझं दुकान बंद असतं."

"उघडतो."

नकाशेवाला गुरुवारी दुपारी गेला. ताईने कवळी काढू दिली नाही.

सोमवारी सकाळी नऊला कवळीवाल्याने दुकान उघडलं. निळा कागद आणि बारीक कानस टेबलावर काढून ठेवली, समोरची खुर्ची पुसली आणि बसून राहिला. एक वाजता त्याने दुकान बंद केलं. कुणी आलं नव्हतं. सोमवारी दुकान बंद असतं, हे सगळ्यांना माहीत आहे.