तेराव्या वाफ्यातली ज्वारी

"तेराव्या वाफ्यातली ज्वारी का वगळलीत?" परीक्षक बाईंनी विचारलं.

श्रीरंगला उत्तर ठाऊक नव्हतं, तरी ते आयतं तोंडात आलं. सरकारच्या जोड-पीएच.डी. योजनेत दोन विद्यापीठांतले दोन विद्यार्थी कानामागच्या पट्टीने जोडलेले असत. एकाने केलेलं दुसऱ्याला आठवे.

"तिथे पाटाचं पाणी झिरपत होतं, मॅडम. दुष्काळाची चाचणी खोटी ठरली असती."

"शाब्बास! कधी लक्षात आलं?"

एरवी तो नुसतं उत्तर उचलून पुढे जाई. आज बाईंनी 'कधी' असं विचारलं आणि फिनेलचा वास आला. दवाखान्यातली खाट, अब्बांच्या हाताला लावलेलं सलाइन आणि मांडीवर उघडलेली आकड्यांची वही. ही आठवण यास्मिन मुजावरची होती, पट्टीने त्याच्याशी जोडलेल्या सांगलीकडच्या विद्यार्थिनीची. मरणाला टेकलेल्या वडिलांच्या उशाशी बसून तिने चार महिने दोघांचं काम ओढलं होतं. श्रीरंग तेव्हा मित्रांबरोबर चिखलदऱ्याला होता. आजच्या तोंडी परीक्षेसाठीही त्याने स्वतः काय केलं, तर परीक्षकांसाठी समोसे सांगितले.

"आम्हा दोघांच्याही लक्षात आलं," तो पुटपुटला.

टाळ्या पडल्या. समोरच्या पडद्यावरून यास्मिनही टाळ्या वाजवत होती. तिने काही वाच्यता केली नाही, म्हणून त्याला हायसं वाटलं, आणि तसं वाटल्याची लाजही वाटली.

"अभिनंदन," ती म्हणाली. "चिखलदऱ्याचं धुकं फार सुंदर होतं."

श्रीरंगचा हात कानामागे गेला.

"शेवटच्या दिवसांत अब्बांना मी तेच सांगत बसायचे."