ब्याण्णव वेळा

“तुमच्यापैकी एक जण तरी आमच्या घरात एक रात्र झोपलाय का?”

विचारून टाकलं! कोरिनचा आवाजसुद्धा कापला नाही. मागच्या रांगेत ट्रिना आणि हॅडी तोंडावर स्वेटरच्या बाह्या दाबून हसत होत्या. ‘विचारून दाखव, हिंमतच नाही तुझी,’ असं दुपारी शाळेच्या बसमध्ये त्यांनीच तर तिला डिवचलं होतं.

लांब टेबलामागे काउंटीच्या आरोग्य मंडळाचे पाच सदस्य बसले होते. पाचही जणांना एकदम समोरचे कागद वाचावेसे वाटले.

“आधी नाव सांगायचं, पोरी,” अध्यक्ष क्लॉडेटबाई म्हणाल्या. त्यांनी कोंबडीच्या आकाराचा टायमर पिळून टेबलावर ठेवला. “आणि लोकांनी बोलायच्या वेळेत मंडळ उत्तरं देत नाही. नुसतं ऐकतं. तीन मिनिटं.”

“कोरिन मसार. सात नंबरची पवनचक्की आमच्या घरापासून चौदाशे फुटांवर आहे. ती लागल्यापासून आईला झोप नाही. कानात घुमतं, डोकं ठणकतं. रोज जेवण झालं की ती उशी उचलते, आठ मैल लांब जाते आणि चर्चच्या मागे गाडीत झोपते. एकटी. रात्री दहा ते सकाळी सहा चक्की बंद ठेवा, एवढंच आमचं मागणं आहे.” तिने दम घेतला. “झालं माझं. उरलेला वेळ मी इथेच उभी राहते. कुणाला उत्तर सुचलंच तर.”

आणि ती खरोखर उभी राहिली. कोंबडी टिकटिकत होती. एका सदस्याने चष्मा पुसला, परत घातला, परत पुसला. आई-बाबा तिसऱ्या रांगेत होते. त्यांच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या होत्या. चर्चच्या जेवणात बूया नावाच्या रश्श्याच्या मोठ्या पातेल्याभोवती गर्दी व्हायची, तेव्हाही त्यांच्या टेबलाशी तक्रार केल्यापासून असंच असायचं.

टायमर वाजला. बाबांनी दोन टाळ्या वाजवल्या. तिसरी वाजवली नाही.

मग आरोग्य अधिकारी उठला. माणूस सभ्य होता, हळू बोलायचा. मंडळाने तक्रार करणाऱ्या घरांना झोपेच्या नोंदीचे तक्ते दिले होते. ज्याचा तक्ता त्यानेच भरायचा, दुसऱ्याचा बघायचा नाही, महिना संपला की पाकीट चिकटवून पाठवायचं. मसारांच्या फ्रिजवर तीन महिने तीन पाकिटं लटकत होती आणि खरंच कुणी कुणाचं बघितलं नव्हतं.

“मसार कुटुंब, तीन व्यक्ती,” तो वाचू लागला. “पहिली, घरी असताना दोन तास झोप, मळमळ, डोकेदुखी. नंतर घराबाहेर झोपते. दुसरी, अधूनमधून जाग. तिसरी...” त्याने पान उलटलं. “ब्याण्णव दिवस, ब्याण्णव वेळा ‘छान झोप लागली’. काही ठिकाणी हसरा चेहरासुद्धा काढलाय.”

सभागृहात हशा पिकला.

कोरिनचे कान तापले. चेहरे तिनेच काढले होते. सकाळी बस यायच्या आत, तोंडात टोस्ट धरून. विचारलं ते खरं लिहिलं होतं. त्यात इतकं काय!

“एकाच घरातल्या तिघांचे अनुभव असे वेगवेगळे असतील, तर दोष यंत्राचाच आहे असं मंडळाला म्हणता येणार नाही,” क्लॉडेटबाई म्हणाल्या. हात वर झाले. चार विरुद्ध एक. चक्की रात्रीही चालू राहणार होती.

बाहेर पडताना ट्रिनाने तिच्या पाठीत धपाटा घातला. “काय गं, तू तर आमच्याच बाजूची निघालीस!” ट्रिनाच्या वडिलांच्या शेतात दोन चक्क्या होत्या, त्यांचं भाडं मिळायचं. ती गंमतच करत होती. कोरिनने हसायचा प्रयत्न केला, पण तोवर दोघी आपल्या गाडीकडे पळाल्यासुद्धा.

मागच्या सीटवर आईची उशी आणि दोन रजया होत्या. कोरिन त्यांना खेटून बसली. शेतांच्या पलीकडे चक्क्यांचे लाल दिवे एकदम लागत होते, एकदम विझत होते.

“खोटं लिहायला हवं होतंस, असं मी म्हणत नाहीये,” आई म्हणाली.

“माहितीये.”

“लागते झोप तर लागते. चांगलंच आहे की.” हे ती खिडकीच्या काचेला म्हणाली.

घरासमोर बाबांनी गाडी थांबवली आणि ते उतरले. रोजच्यासारखी आई सरकून त्यांच्या जागी बसली. तिने आरसा नीट केला. आरशात कोरिन अजून होती.

“उतर, कोरी. थंडी आहे. आणि उद्या शाळा आहे तुला.”

“मी नाही उतरणार. आजपासून मी आईबरोबर गाडीत झोपणार.”

बाबा दार धरून वाकले. “वेडी आहेस का? तुला तर घरात...”

“मला कुठेही झोप लागते, बाबा,” कोरिनने उशी मांडीवर घेतली. “ब्याण्णव वेळा लिहून दिलंय मी.”