दहा मिनिटांचं कलम

शुभंकर जगभरच्या राउटरसाठी एकच नियमावली लिहितो. त्याचं लाडकं कलम असं: सेटिंग बदलल्यावर दहा मिनिटांत कुणी 'ठीक आहे' म्हटलं नाही, तर राउटरने मुकाट्याने जुन्या सेटिंगवर परत यावं.

तीन वर्षं निकिताला 'घरी उद्या सांगतो' म्हणून टोलवल्यावर, रविवारी त्याने कात्रजला वडिलांना, हिंमतरावांना, मेसेज टाकलाच. "बाबा, निकिता गजभियेशी लग्न करायचं ठरवलंय."

ब्लू टिक आली, उत्तर येईना. अकराव्या मिनिटाला, स्वतःचीच लाज वाटत असताना, त्याने लिहिलं, "गंमत केली हो बाबा. तसं काही नाही."

हिंमतरावांचं उत्तर लगेच आलं.



"चहा टाकत होतो. निकिता पेढे घेऊन समोरच बसली आहे, तिलाही सांगतो."