कड्यावरचं कंदीलफूल

"रोप एकुलतं असेल तर तोडायचं नाही. आधी नमस्कार, मग चित्र." वनस्पतिशास्त्राच्या टिळेकरबाईंचं हे सांगणं आठवलं आणि कुमुदने पुढे केलेला हात मागे घेतला. कपारीत एकच कंदीलफूल डुलत होतं. बाईंनी उभा जन्म शोधलेलं, सगळ्यांनी नामशेष ठरवलेलं.

शेळ्यांमागे आलेल्या धोंडाबाई डोकावल्या. "ह्येचा कांदा लई ग्वाड. आमी भाजून खातो."

कुमुद गर्रकन त्यांच्याकडे वळली. "सगळे खाल्लेत, मावशी?"

"न्हाई गं. समोरच्या कड्यावर रगड हाईत. तिथं शेळी पोचंना, तर आमचं तोंड कुठलं पोचतंय?"

कुमुदने दुर्बीण लावली. अख्ख्या कड्यावर इवले कंदील झुलत होते. तिच्याने दुर्बीण खाली ठेववेना. "माझ्या बाई हेच शोधत होत्या, मावशी."

"मग फोटू धाड की त्यांस्नी."

"फोटो नको. सापडलं तर त्यांना जागेवर आणून दाखवीन, असा शब्द दिलाय."

बाईंचे गुडघे आता साथ देत नव्हते. डोली उचलायला वाडीत चौघे मिळतील का, हे विचारायला कुमुद हलकेच पायवाट उतरू लागली.