चौघांच्या नावापुढे

“तुझा प्रोग्राम आठ जीबी मेमरी खातोय आणि मशीनमध्ये आहे चार,” सबनीस सर पडद्यावर बोट ठेवत म्हणाले. तिथे चार ओळी होत्या, प्रत्येकीपुढे दोन जीबी.

“सर, खरी मेमरी दोनच जीबी आहे,” शलाका म्हणाली. “प्रोग्रामचे चारही थ्रेड, म्हणजे एकाच वेळी चालणारे भाग, तीच वापरतात, पण सिस्टिम ती प्रत्येकापुढे पूर्ण दाखवते. बेरीज करायची नसते.”

सरांना पटलं. “छान. आता जर्मनीच्या पोस्टिंगला आजच होकार कळव.”

तेवढ्यात मावशीचा फोन आला. “जा गं बिनघोर. आईला बघायला तुम्ही चौघं भावंडं आहात. थोरला म्हणतो, आईचं सगळं मीच बघतो. ताईही तेच म्हणते, धाकटाही.”

अंथरुणाला खिळलेल्या आईचं अंग पुसून, तिला पेज भरवून, शेजारणीकडे किल्ली ठेवून शलाका आज ऑफिसला आली होती. बाकी तिघं दिवाळीनंतर तिकडे फिरकलेही नव्हते.

फोन ठेवून ती सरांकडे वळली. “दुसऱ्या कुणाला पाठवा, सर. आई अंथरुणाला खिळलीय.”

“पण तिला बघायला तुम्ही चौघं भावंडं आहात ना?”

शलाकानं पडद्यावरच्या चार ओळींकडे पाहिलं. “बेरीज करायची नसते, सर.”