समुद्राची संमती

राखीव पाण्यातून काहीही बाहेर काढायचे असेल, तर आधी समुद्राची संमती घ्यावी, हे कलम प्रा. चारुशीला सामंत यांनीच लिहिले होते. वर्गात ते शिकवताना त्यांचा स्वर अभिमानाने भरून येई. आज मात्र मालवणच्या किनाऱ्यावर तीच संमती मागण्यासाठी त्या समुद्राशी बोलणाऱ्या भाषांतरयंत्राची तार पाण्यात सोडत होत्या.

शेजारी हेमावती कुबल उभी होती. तिचा मुलगा होडीसकट त्याच पाण्यात बुडाला होता.

“बाई, तुमीच दर्याक बोलूक शिकयलात मा? मगे सांगा तेका, माझो झील माका परत दी. एकदा तेचा तोंड बघूक व्हया.”

‘बुडालेल्या मुलाची आई किनाऱ्यावर आली आहे, तो तिला परत द्यावा,’ अशी विनंती बाईंनी पाठवली. लाटा क्षणभर थबकल्यासारख्या वाटल्या. मग पडद्यावर अक्षरे उमटली : ‘देता येणार नाही. त्याच्या छातीत माशांची पिल्ले वाढत आहेत.’ आणि जरा वेळाने, त्याखाली : ‘आईला पाठवा. जागा आहे.’

“काय म्हणता तो?”

“नाही म्हणतो.”

“इतक्याच?”

“इतकंच,” म्हणत बाईंनी पडदा विझवला आणि वळून हेमावतीचे मनगट घट्ट धरले. ती गुडघाभर पाण्यात शिरली होती. केव्हा, ते दोघींनाही कळले नव्हते.